भ्रमणध्वनीवरील छायाचित्र : नोंदीचे एक साधन

भ्रमणध्वनीने टिपलेले छायाचित्र ही आता केवळ हौसेची बाब राहिलेली नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच आपल्या पिकाचे छायाचित्र घेऊन त्याची नोंद करतो. ग्रामीण घरकुलाच्या बांधकामाचे टप्पेही छायाचित्रांतूनच नोंदले जातात. अतिवृष्टीने आडवे झालेले पीक पंधरा दिवसांनी दाखविता येत नाही. त्या दिवशीचे छायाचित्र धूसर निघाले, तर नुकसानग्रस्ताच्या हाती सांगण्यापलीकडे फारसे काही उरत नाही.

यासाठी महागडे यंत्र लागतेच असे नाही. पुष्कळदा दोष भिंगावरील बोटाच्या डागाचा असतो. दिवसभर खिशात वावरलेल्या, क्वचित तंबाखूच्या चुन्याचाही स्पर्श झालेल्या भिंगाकडून स्वच्छ चित्राची अपेक्षा कशी करावी? मऊ सुती कापडाने ते आधी पुसून घ्यावे.

खरा प्रश्न प्रकाशाचा आहे. यंत्र समोरच्या एकूण उजेडाचा अंदाज घेऊन चित्र उजळ वा गडद करते. पाठीमागे लख्ख आकाश असेल तर यंत्र उजेड कमी करते आणि पुढील भिंत काळवंडते. म्हणून सूर्य शक्यतो घेणाऱ्याच्या पाठीशी किंवा बाजूस असावा. जागा बदलणे अशक्य असेल तर पडद्यावर मुख्य वस्तूवर बोट टेकवावे. यंत्र त्याच जागेचा उजेड व स्पष्टता धरते. भिंतीची भेग किंवा पानावरील कीड दाखवायची असल्यास कोवळे तिरपे ऊन उपयोगी पडते, कारण सावलीमुळे उंचसखलपणा उठून दिसतो.

दोन बोटांनी चित्र मोठे करण्याची सवय मात्र सोडलेली बरी. भिंगाच्या मर्यादेपुढे यंत्र केवळ मधला भाग कापून ताणते. नवा तपशील मिळत नाही. चार पावले पुढे जाणे हाच उत्तम उपाय. अंधाऱ्या वर्गखोलीत झडप अधिक काळ उघडी राहते व हात हलला की चित्र पुसट होते. अशा वेळी कोपरे अंगाशी टेकवावीत, किंवा चौकटीचा आधार घ्यावा. यंत्राचा दिवा काही हातांपलीकडे पोचत नाही, हेही ध्यानात असावे.

पुरावा म्हणून एकच चित्र क्वचितच पुरते. पहिले दुरून घ्यावे. त्यात विहीर, झाड, शाळेची पाटी अशी ओळखीची खूण यावी. दुसरे संपूर्ण वस्तूचे आणि तिसरे जवळून. जवळच्या चित्रात मोजपट्टी ठेवली नसेल तर भेग बोटभर की वीतभर, हे कार्यालयात बसलेल्याने कसे ठरवावे? शाळेतील साधी फूटपट्टीही चालते.

स्थाननोंद आवश्यक असेल तेव्हा ती सोय आधीच सुरू करून उघड्यावर थोडा वेळ थांबावे. पत्र्याखाली किंवा इमारतीत उपग्रहाचा संकेत क्षीण होतो व ठिकाण भलतेच उमटू शकते. काम पुरे झाल्यावरही मूळ चित्र पुसू नये. व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून पाठविलेली प्रत आकाराने लहान होते आणि तिच्यातील स्थळाची नोंद गळून पडते. तेच चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास मूळ स्वरूपात पोचते.