महाविद्यालयातील समुपदेशक : घडण आणि कार्य

महाविद्यालयात प्रवेश घेणारा विद्यार्थी साधारणपणे सतरा-अठरा वर्षांचा असतो. कायद्याच्या दृष्टीने तो सज्ञान झालेला असतो किंवा होण्याच्या बेतात असतो. परंतु घरापासून दूर राहून स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याचा अनुभव बहुतेकांना तोपर्यंत आलेला नसतो. विषयांची निवड, परीक्षेतील अपयश, पैशांची चणचण, मैत्री आणि प्रेम, आईवडिलांच्या अपेक्षा, वसतिगृहातील एकाकीपण अशा अनेक गोष्टींना त्याला एकाच वेळी तोंड द्यावे लागते. पूर्वी अशा प्रसंगी एखादे प्राध्यापक, नात्यातील वडीलधारे माणूस किंवा धर्मोपदेशक त्याला चार गोष्टी सांगत असत. विसाव्या शतकात, प्रथम अमेरिकेत आणि नंतर इतर देशांत, या कामासाठी एक स्वतंत्र व्यवसाय उदयास आला. हा व्यवसाय करणाऱ्यास समुपदेशक आणि त्याच्या कामाच्या जागेस समुपदेशन केंद्र असे म्हणतात.

नावात उपदेश असला, तरी उपदेश करणे हे समुपदेशकाचे मुख्य काम नव्हे. मग तो नेमके काय करतो, त्यासाठी कोणते शिक्षण लागते आणि वडीलधाऱ्यांच्या सद्भावनेहून त्याचे कार्य कोणत्या बाबतीत वेगळे आहे, हे समजण्यासाठी या व्यवसायाच्या उगमाकडे वळणे आवश्यक आहे.

तीन उगम

पहिला उगम व्यवसाय मार्गदर्शनात आहे. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली बॉस्टन शहरात तरुणांना योग्य व्यवसाय निवडण्यास मदत करणारे एक कार्यालय सुरू केले. पार्सन्स यांनी स्वतः अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले होते. पुढे त्यांनी शाळेत शिकविले, वकिलीची परीक्षा दिली आणि कायद्याचे अध्यापनही केले. व्यवसायाची निवड योगायोगावर सोडल्यास आयुष्यातील किती वर्षे खर्ची पडतात, याचे प्रत्यंतर त्यांना स्वतःच्या जीवनात आले असावे. त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या : स्वतःची पात्रता आणि आवड ओळखणे, निरनिराळ्या व्यवसायांची माहिती मिळविणे आणि या दोहोंची विचारपूर्वक सांगड घालणे. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले आणि त्यांचा ग्रंथ १९०९ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाला. पुढे मानसशास्त्रीय चाचण्यांची जोड मिळून ही पद्धती विद्यापीठांत रुजली. मिनेसोटा विद्यापीठात १९३२ साली ई. जी. विल्यमसन यांच्या संचालकत्वाखाली चाचणी विभाग स्थापन झाला आणि कालांतराने त्याचेच विद्यार्थी समुपदेशन विभागात रूपांतर झाले.

दुसरा उगम वैद्यकात आहे. बुद्धीने चांगले असलेले विद्यार्थी भावनिक अडचणींमुळे शिक्षण अर्धवट सोडून जातात, असे ध्यानात आल्यावर प्रिन्स्टन विद्यापीठाने १९१० साली विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी सेवा सुरू केली. विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेली अशा प्रकारची ही पहिली सेवा मानली जाते. अशा सेवांची सूत्रे प्रारंभी मनोविकारतज्ज्ञांच्या हाती होती.

तिसरा उगम कार्ल रॉजर्स यांच्या कार्यात आहे. १९०२ साली जन्मलेले रॉजर्स विस्कॉन्सिन विद्यापीठात शेतीशास्त्र शिकण्यासाठी दाखल झाले, नंतर इतिहासाकडे वळले, पुढे न्यूयॉर्कमध्ये धर्मशास्त्राचा अभ्यास करू लागले आणि अखेरीस मानसशास्त्रात स्थिरावले. रॉचेस्टर शहरात अडचणीत सापडलेल्या मुलांसाठी त्यांनी सुमारे बारा वर्षे काम केले. आपल्यापुढे बसलेल्या माणसाला आपल्या दुःखाचे मूळ पुष्कळदा तज्ज्ञापेक्षा अधिक चांगले कळते. मात्र ते शोधण्यासाठी त्याला निर्भय वातावरण मिळावे लागते, या निष्कर्षाप्रत ते आले. १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी एका व्यक्तीशी झालेल्या सर्व बैठकींचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दशः लेखन छापले. तोपर्यंत बंद दाराआड चालणारे हे काम त्यामुळे प्रथमच अभ्यासकांपुढे उघड्यावर आले. १९४५ साली रॉजर्स यांनी शिकागो विद्यापीठात समुपदेशन केंद्र स्थापन केले.

याच सुमारास दुसरे महायुद्ध संपले. १९४४ च्या कायद्याने माजी सैनिकांना सरकारी खर्चाने उच्च शिक्षण घेण्याची सोय केली होती. युद्धाचा अनुभव घेतलेले लक्षावधी प्रौढ विद्यार्थी महाविद्यालयांत आले आणि त्यांच्या मार्गदर्शनासाठी शासनाने विद्यापीठांशी करार करून केंद्रे उघडली. व्यवसायाची निवड आणि मनाचे स्वास्थ्य हे प्रश्न एकमेकांपासून तोडता येत नाहीत, हे या विद्यार्थ्यांच्या सहवासात स्पष्ट झाले. तीनही प्रवाह येथे एकत्र आले आणि १९५१ सालच्या एका परिषदेनंतर समुपदेशन मानसशास्त्र हे नाव रूढ झाले.

शिक्षण आणि उमेदवारी

या मिश्र वारशामुळे आजही एका अमेरिकन केंद्रात निरनिराळ्या शाखांची माणसे शेजारीशेजारी काम करताना आढळतात. कोणी समुपदेशन मानसशास्त्रात किंवा चिकित्सा मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळविलेली असते, कोणी समाजकार्याची किंवा समुपदेशनाची पदव्युत्तर पदवी घेतलेली असते. औषधयोजनेसाठी मनोविकारतज्ज्ञ असतो. समाजकार्याकडून आलेली व्यक्ती विद्यार्थ्याच्या घरची आर्थिक स्थिती आणि कुटुंबातील ताण प्रथम पाहते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची दृष्टी आजाराच्या लक्षणांकडे लवकर जाते. साप्ताहिक बैठकीत एकाच विद्यार्थ्याविषयी या वेगवेगळ्या दृष्टींनी चर्चा होते, हा अशा केंद्राचा मोठाच लाभ होय.

पदवी ही मात्र तयारीची केवळ सुरुवात असते. डॉक्टरेटच्या उमेदवारास अनुभवी समुपदेशकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करावे लागते आणि शेवटी एक संपूर्ण वर्ष उमेदवारीत घालवावे लागते. विद्यार्थ्याच्या संमतीने त्याच्या बैठकी ध्वनिमुद्रित केल्या जातात आणि पर्यवेक्षक त्या नंतर ऐकतो. आपण कोठे घाईने सल्ला दिला, कोठे विद्यार्थ्याचे वाक्य पुरे होण्यापूर्वीच बोललो, कोणत्या विषयापाशी आपण स्वतःच अस्वस्थ होऊन संभाषण दुसरीकडे वळविले, हे उमेदवारास दाखवून दिले जाते. सहानुभूती पुष्कळांजवळ असते. आपल्या सहानुभूतीत आपल्याच आठवणी आणि पूर्वग्रह किती मिसळलेले आहेत हे ओळखण्यासाठी मात्र असे शिक्षण लागते.

केंद्रातील कार्य

समजा, दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी केंद्रात येते. गणितात दोनदा अनुत्तीर्ण झाल्यामुळे अभ्यासाच्या पद्धतीविषयी मार्गदर्शन हवे, असे ती सांगते. वडीलधारे माणूस तिला पहाटे उठण्याचा किंवा शिकवणी लावण्याचा सल्ला देईल. समुपदेशक पहिल्या भेटीत झोप, जेवण, मैत्रिणी, घर यांविषयी विचारतो. ती तीन महिन्यांपासून नीट झोपलेली नाही आणि वर्गात जाणेही तिने सोडले आहे, असे हळूहळू कळते. तिला वाङ्मय शिकायचे होते. वडिलांनी कर्ज काढून तिला अभियांत्रिकीला घातले आहे. आता परत जाणे शक्य नाही आणि पुढे जाण्याचीही वाट नाही, असे म्हणून ती थांबते.

अशा वेळी जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो काय, असा स्पष्ट प्रश्न समुपदेशक विचारतो. या प्रश्नाने तसा विचार मनात पेरला जाईल, अशी भीती सर्वसामान्यतः बाळगली जाते. संशोधनाने ती निराधार ठरविली आहे. उलट, जे कोणालाही सांगता आले नाही ते शब्दांत मांडण्याची संधी मिळाल्यामुळे पुष्कळांना हायसे वाटते. उत्तर होकारार्थी आल्यास विचार किती तीव्र आहे, काही योजना आखली आहे काय, साधन हाताशी आहे काय, हे तपासले जाते. नंतर दोघे मिळून सुरक्षिततेचा एक लेखी आराखडा तयार करतात. संकट जवळ येत असल्याची चिन्हे कोणती, त्या वेळी स्वतः काय करावे, कोणाला हाक मारावी आणि धोक्याची साधने दूर कशी ठेवावीत, याची त्यात नोंद असते. औषधांची गरज दिसल्यास तिला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविले जाते.

शाखा बदलावी की नाही, हा निर्णय मात्र समुपदेशक देत नाही. ती शांतपणे विचार करू शकेल, वडिलांशी बोलण्याचे शब्द जुळवू शकेल आणि जे ठरवील त्याची जबाबदारी घेऊ शकेल, अशा स्थितीला तिला आणणे हे त्याचे काम होय.

वैयक्तिक भेटींखेरीज केंद्रात गटसमुपदेशन चालते. आपल्यासारखीच अडचण दुसऱ्याचीही आहे, हे पाहून विद्यार्थ्याचा संकोच कमी होतो. समुपदेशक वसतिगृहांत व्याख्याने देतात आणि विद्यार्थ्यातील कोणते बदल गंभीर समजावेत, हे प्राध्यापकांना समजावून सांगतात. विद्यार्थ्यांची संख्या आणि समुपदेशकांची संख्या यांचे प्रमाण हा सर्वत्र चिंतेचा विषय आहे. १,००० ते १,५०० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा, असे प्रमाण अशा केंद्रांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सुचविले आहे. हे प्रमाण ढळले की भेटीसाठी आठवडेच्या आठवडे थांबावे लागते आणि ज्याला थांबणे शक्य नाही तोच विद्यार्थी परत येत नाही.

गुप्ततेचे वचन आणि त्याची मर्यादा

वरील विद्यार्थिनी पहिल्याच भेटीत एक अट घालण्याचा संभव असतो : हे वडिलांना सांगू नका. ती अट मान्य केल्याखेरीज ती बोलणार नाही. म्हणून गुप्तता हा समुपदेशनाचा पाया आहे. प्राचार्य, परीक्षक अथवा पालक यांना विद्यार्थ्याच्या संमतीवाचून काही सांगितले जात नाही. परंतु हे वचन निरपवाद असू शकते काय, या प्रश्नाला एका दुःखद घटनेने वेगळे वळण दिले.

१९६९ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील रुग्णालयात एक विद्यार्थी मानसशास्त्रज्ञाकडे उपचारासाठी येत असे. तो भारतातून उच्च शिक्षणासाठी तेथे गेला होता. तात्याना तारासॉफ या तरुणीने आपल्या प्रेमाचा अव्हेर केला, या भावनेने तो खचला होता आणि तिला ठार मारण्याचा विचार त्याने बोलून दाखविला. मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळविले आणि त्यास रुग्णालयात ठेवावे अशी लेखी विनंती केली. पोलिसांनी त्याची चौकशी केली. तो भानावर आहे असे वाटल्यावरून तरुणीपासून दूर राहण्याचे आश्वासन घेऊन त्यास सोडून दिले. मनोविकार विभागाच्या प्रमुखांनी पुढे कोणतीही कारवाई करू नये असे सांगितले. विद्यार्थ्याने उपचारासाठी येणे थांबविले. तरुणीला अथवा तिच्या कुटुंबीयांना कोणी काहीच कळविले नाही. २७ ऑक्टोबर १९६९ रोजी त्याने तिचा खून केला.

तिच्या आईवडिलांनी विद्यापीठावर दावा लावला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रथम १९७४ मध्ये आणि फेरसुनावणीनंतर १९७६ मध्ये असा निर्णय दिला की, उपचार घेणाऱ्या व्यक्तीपासून दुसऱ्या कोणाला गंभीर धोका असल्याचे उपचारकास कळले किंवा कळावयास हवे होते, तर त्या व्यक्तीच्या रक्षणासाठी वाजवी उपाय योजणे हे त्याचे कर्तव्य होय. अशी सक्ती केल्यास रुग्ण मन मोकळे करणार नाहीत, असा आक्षेप अनेक तज्ज्ञांनी घेतला होता. अमेरिकेतील राज्यांनी हा नियम पुढे निरनिराळ्या स्वरूपांत स्वीकारला. समुपदेशकाच्या नित्य कामावर त्याचा स्पष्ट परिणाम झाला : गुप्ततेची मर्यादा पहिल्याच भेटीच्या आरंभी, विद्यार्थी काही सांगण्यापूर्वी, समजावून सांगितली जाऊ लागली.

भारतातील स्थिती

भारतातही या कार्याचा आरंभ व्यवसाय मार्गदर्शनापासून झाला. कलकत्ता विद्यापीठात १९३८ साली उपयोजित मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. मुंबईत पारशी पंचायतीने १९४७ मध्ये व्यवसाय मार्गदर्शन केंद्र उघडले. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात उच्च शिक्षणात दर हजार विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा अशी शिफारस केली. ती बहुतांश कागदावरच राहिली.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार घेणाऱ्याचा गुप्ततेचा हक्क मान्य केला आहे. दुसऱ्या व्यक्तीस इजेपासून वाचविण्यासाठी किंवा जीवितास असलेला धोका टाळण्यासाठी आरोग्य व्यावसायिकास माहिती उघड करता येते; पण तीही आवश्यक तेवढीच. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांचा प्रश्न समोर आल्यावर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमणे आवश्यक आहे.

नेमणूक झाली तरी एक अडचण शिल्लक राहते. पुष्कळ संस्थांत हे काम एखाद्या अध्यापकाकडे अतिरिक्त म्हणून सोपविले जाते. तो अध्यापक कितीही सहृदय असला, तरी तोच विद्यार्थ्याची हजेरी मांडतो, उत्तरपत्रिका तपासतो आणि पालकांना पत्रही पाठवितो. आपल्या परीक्षकापुढे मन मोकळे करणे कोणाही विद्यार्थ्यास जड जाते. म्हणून समुपदेशकाचे पद अध्यापन आणि शिस्त यांपासून वेगळे ठेवणे, त्याच्या नोंदी संस्थेच्या इतर दप्तरात न मिसळणे, त्यास स्वतंत्र खोली देणे आणि त्याच्या कामावर अनुभवी पर्यवेक्षक नेमणे या बाबी नेमणुकीइतक्याच महत्त्वाच्या आहेत. त्यांची तरतूद ज्या संस्थेत होईल, तेथे गणिताचे निमित्त करून आलेली विद्यार्थिनी दुसऱ्या भेटीलाही येण्याचा संभव अधिक असेल.