हृदयातील तार

विजेचा पाठ चालू असता आम्ही वर्गात विचारतो, "इस्त्रीची वायर बहुधा कोठे तुटते?" उत्तर मुलांना घरूनच ठाऊक असते: मुठीपाशी, जेथे ती रोज वाकते तेथे. हृदयात बसवावयाच्या डिफिब्रिलेटर यंत्राची कथाही अशीच आहे.

डॉ. मिशेल मिरोव्स्की यांच्या कल्पनेतील हे यंत्र १९८० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात प्रथम मानवी शरीरात बसविले गेले. हल्ली त्याची डबी बहुधा छातीच्या कातडीखाली ठेवतात व तिची तार शिरेतून हृदयात सोडतात. लय बिघडून हृदय नुसते थरथरू लागले, की यंत्र विजेचा धक्का देऊन ती पूर्ववत करते.

डबी स्वस्थ असते. तार मात्र ठोक्यागणिक हलते. दिवसाचे ठोके सुमारे एक लाख! वर्षांचा हिशेब वाचकांनीच करावा.

मेडट्रॉनिक कंपनीची 'स्प्रिंट फिडेलिस' ही बारीक तार २००४ साली निघाली आणि जगभर सुमारे २,६८,००० रोग्यांत बसविली गेली. तिच्यातील वाहक तंतू तुटू लागले. तुटण्याची एक जागा, डबीजवळ तार टाक्यांनी बांधतात ती. ऑक्टोबर २००७ मध्ये विक्री थांबली.

तार तुटली म्हणजे यंत्र मुके होईल, असे कोणासही वाटेल. तसे होतेही. पण पुष्कळदा उलटच घडते. तुटकी टोके घासून, रेडिओच्या सैल तारेसारखी, खरखर उठते. यंत्र तिलाच हृदयाची थरथर समजते आणि पूर्ण शुद्धीवर असलेल्या माणसाला धक्क्यामागून धक्के देते.

मग तार काढावी काय? ती शिरेला व हृदयाला आतून चिकटलेली असते; काढताना शीर फाटून प्राणावर बेतू शकते. म्हणून ज्यांची तार शाबूत होती, अशा बहुतेकांना 'राहू द्या, लक्ष ठेवू' असाच सल्ला मिळाला. सल्ला योग्यच, पण तो घेऊन घरी परतलेल्याला त्या रात्री झोप कशी लागली असेल?

लक्ष ठेवावयाचे म्हणजे मुख्यतः तारेचा विद्युत्‌रोध पाहावयाचा. तंतू तुटला की तो एकाएकी चढू शकतो. हे मोजमाप यंत्र स्वतःच करते, आणि काही यंत्रे इशाऱ्याचा आवाजही देतात. तो ऐकू आला, वा लागोपाठ धक्के बसले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. तेथे बहुतेक यंत्रांचे धक्के डबीवर लोहचुंबक धरून तात्पुरते थांबविता येतात. मात्र तेवढा वेळ बाहेरचे धक्का-यंत्र शेजारी सज्ज ठेवावे लागते.