लग्नाचा उरलेला भात आणि प्रोबायोटिकची पुडी



शहापूर-मुरबाडमध्ये लग्नसराई सुरू आहे. उरलेला भात पाटी भरून गाई-शेळ्यांपुढे ओतू नका.

*का?* जनावराच्या कोटीपोटात चारा पचवणारे जंतू असतात. भात एकदम जास्त गेला की पोटात आम्ल वाढतं आणि हे जंतू मरतात. रवंथ थांबतं, पोट फुगतं, शेण पातळ व आंबूस होतं. जनावर एक-दोन दिवसांत दगावूही शकतं.

*मग पुडी कशासाठी?* प्रोबायोटिक म्हणजे पचनाला मदत करणारे जिवंत जंतू किंवा यीस्ट. प्रीबायोटिक म्हणजे त्या जंतूंचं खाद्य. चारा बदलताना किंवा आजारातून उठल्यावर उपयोग होतो. पण जास्त भात खाल्लेलं जनावर नुसत्या पुडीनं वाचत नाही.

*लक्षात ठेवा*
१. भात द्यायचाच तर मूठभर, तोही पेंढा खाल्ल्यावर.
२. पावसाळ्यात पेंढ्यावरून हिरव्या गवतावर ८-१० दिवसांत हळूहळू आणा.
३. पुडीची मुदत बघा. गरम पाण्यात कालवू नका, जंतू मरतात.
४. जनावरानं जास्त भात खाल्ला तर दाणा बंद. सोडा, तेल अंदाजानं पाजू नका. रवंथ थांबण्याची वाट न बघता लगेच १९६२ वर फोन करा.

घरातल्या पोरांनाही हे सांगून ठेवा. भात बहुतेक वेळा तीच टाकतात.