न्हाणीघराची ओल आणि मुलाचा खोकला

भाईंदरच्या माझ्या दवाखान्यात पावसाळ्यात एक आठ वर्षांचा मुलगा वारंवार येत असे. रात्री खोकल्याची उबळ, छातीत घरघर. औषधाने आठवडाभर बरे वाटे, पुन्हा तेच. शेवटी मी घरी जाऊन पाहिले. उशाशी असलेल्या भिंतीवर काळी बुरशी होती आणि भिंतीपलीकडे न्हाणीघर! आई म्हणाली, "डॉक्टर, दर दिवाळीला रंग देतो हो, पण डाग परत येतोच."

वाचकहो, रंगाने डाग झाकतो, ओल नाही. ओल व बुरशी असलेल्या घरांत दमा व श्वसनाचे विकार अधिक आढळतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली मार्गदर्शक सूचनांत नमूद केले आहे. आपल्याकडे तर खाडी, मिठागरे आणि दमट हवा. पावसाळ्यात भिंत वाळायची कशी?

मग सगळी फरशी उखडायची का? घाई नको. आधी पाणी कुठून येते ते शोधा.

१) ओलीभोवती खडूने रेघ ओढा. गावी जाल तेव्हा तोट्या बंद, पण कॉक उघडा ठेवा. परतल्यावर ओल रेघेबाहेर गेली असेल, तर भिंतीतला पाईप गळका असण्याचा संभव मोठा.

२) पाईप ठीक असेल तर नहाणीचे तोंड फडक्याने घट्ट बंद करून फरशीवर दोन बोटे पाणी साठवा, त्यात कपड्यांची नीळ टाका. चोवीस तासांत भिंतीची किंवा खालच्या घराच्या छताची ओल वाढली, तर फरशीच्या सांधीतून वा कोपऱ्यातून पाणी मुरते आहे.

३) ओल वाढली नाही, तर फडके काढून पाणी सोडा. त्यानंतर ओल आली, तर दोष नहाणीच्या जोडात किंवा सांडपाण्याच्या पाईपात आहे.

आता निर्णय. सांधी उघड्या पडल्या असतील, तर त्या खरवडून एपॉक्सीने भरून घ्याव्यात. जोड गळत असेल, तर तेवढीच जागा फोडून तो बदलता येतो. पण नाण्याने ठोकल्यावर बऱ्याच फरश्या पोकळ वाजत असतील, किंवा सांधी भरूनही गळती थांबत नसेल, तर डागडुजीचा खर्च वाया जातो. फरशी काढून वॉटरप्रूफिंग नव्याने करावे आणि उतार नहाणीकडेच ठेवावा. खालच्या छतावर गंजाचे डाग असतील किंवा सळ्या उघड्या पडल्या असतील, तर गवंडी पुरेसा नाही; स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच दाखवावे. ओल्या भिंतीवर गीझरचे बटण असेल, तर मेन स्विच बंद करून आधी वायरमनला बोलवावे.

त्या घरी दोष नहाणीच्या जोडात निघाला. फरशी वाचली. भिंत वाळल्यावर गिलावा खरवडून नवा केला, मुलाची खाटही भिंतीपासून दूर हलवली. पुढच्या पावसाळ्यात त्याच्या रात्रीच्या फेऱ्या कमी झाल्या. अर्थात इनहेलर चालूच आहे; तो आपल्या मनाने बंद करू नये.

बुरशी कधीही कोरडी झाडू नका. नाकाला रुमाल बांधून साबणाच्या पाण्याने पुसा, मुलांना त्या वेळी दूर ठेवा. साफसफाईसाठी ॲसिड आणि ब्लीच एकत्र मुळीच वापरू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

खोकला हटत नसेल तर डॉक्टरांना जरूर दाखवा. पण घरातल्या भिंतींकडेही एकदा नजर टाका.