लिमिटेड स्लिप डिफरन्शियल : बसविण्यापूर्वी हिशेब समजून घ्या

गॅरेज, लेथ मशीन आणि स्पेअर पार्टचे दुकान, या तीन धंद्यांवर आपल्या अनेक घरांच्या चुली पेटतात. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जवळच्या शेंद्रा येथे २००१ साली स्कोडा ऑक्टाव्हिया जुळविली जाऊ लागली. पुढे तिचा १५० अश्वशक्तीचा १.८ लिटर टर्बो आरएस प्रकारही आला. शौकीन मंडळी अशा जुन्या गाड्या घेतात, इंजिनाची ताकद वाढवितात आणि मग मिस्त्रीला म्हणतात, "उस्ताद, आता एलएसडी बसवून द्या." हे काम घ्यावे की नाही आणि घेतले तर कसे करावे, हे कारागीर बंधूंनी आधी समजून घ्यावयास हवे. कारण पार्ट ग्राहकाचा असला तरी गिअरबॉक्स बिघडला तर नाव आपले जाते.

साध्या डिफरन्शियलचा दोष

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणे हे डिफरन्शियलचे काम. ते ताकद मात्र दोन्हीकडे सारखीच वाटते. ही अशी भागीदारी समजा, जिच्यात दोघांनी सारखेच भांडवल घालावयाचे असते. मग कमजोर भागीदार जेवढे घालू शकेल, तेवढेच दुसऱ्यालाही घालता येते. डावे चाक वाळूवर असून ५० भागच जोर पेलत असेल, तर डांबरावरच्या उजव्या चाकालाही ५० भागच मिळतात. एकूण १००. बाकी ताकद वाळूवर चाक फिरविण्यात वाया जाते. वेगात वळताना आतले चाक हलके होते, तेव्हाही हेच घडते.

शेतकऱ्याला याचा एक इलाज माहीत आहे. काळ्या मातीत ट्रॅक्टरचे एक चाक फिरू लागले की तो डिफरन्शियल लॉकचा पेडल दाबतो आणि दोन्ही चाके एकजीव होतात. पण वळताना लॉक सोडावाच लागतो, नाहीतर टायर घासतात आणि एक्सलवर ताण येतो. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल हा मधला मार्ग आहे. तो वळू देतो, पण चाकाला मोकाट फिरू देत नाही. १९३०च्या दशकात ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाड्यांसाठी फर्डिनांड पोर्शे यांच्या मागणीवरून जर्मनीच्या झेडएफ कंपनीने असा डिफरन्शियल तयार केला.

प्रकार कोणते?

१. प्लेटचा : आत क्लचप्लेटांची चळत असते. ताकद वाढली की प्लेटा आवळतात. पकड दमदार असते, पण प्लेटा झिजतात आणि काही काळाने खोलून बदलाव्या लागतात. रोजच्या गाडीत तो वळताना आवाज करू शकतो.

२. गिअरचा : टॉर्सन आणि इंग्लंडच्या क्वाइफ कंपनीचा डिफरन्शियल या जातीचा. यात क्लचप्लेटांऐवजी तिरप्या दातांचे गिअर काम करतात, म्हणून तो वर्षानुवर्षे टिकतो. तो कमजोर चाकाच्या काही पट जोर दुसऱ्याला देतो. समजा अडीच पट, तर वरच्या उदाहरणात ५० आणि १२५, एकूण १७५ झाले. पण चाक हवेत उचलले गेले तर शून्याच्या अडीच पट शून्यच! पुढची चाके ओढणाऱ्या, रोज वापरावयाच्या गाडीला हाच प्रकार मानवतो.

३. इलेक्ट्रॉनिक : २०२० साली भारतात फक्त २०० नग आयात झालेल्या २४५ अश्वशक्तीच्या ऑक्टाव्हिया आरएसमध्ये संगणकाच्या हुकमाने आवळणारा क्लच आहे. हा कारखान्यातूनच आलेला बरा. जुन्या गाडीत तो बसविण्याचा खटाटोप करू नये. काही गाड्या फिरणाऱ्या चाकाला नुसता ब्रेक लावून काम भागवितात. त्याला एलएसडी म्हणून विकणे ही ग्राहकाची फसवणूक आहे.

काम कसे करावे?

ऑक्टाव्हियासारख्या गाडीत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पोटातच असतो. म्हणून गिअरबॉक्स उतरवून पूर्ण खोलावा लागतो. मोठा गिअर रिव्हेटने जोडलेला असेल तर रिव्हेट ड्रिलने काढून त्या जागी उच्च प्रतीचे बोल्ट, सांगितलेल्या टॉर्कने, टॉर्क पान्यानेच आवळावेत. लोखंडाचा कीस आत राहता कामा नये, सर्व भाग धुवून घ्यावेत. बेअरिंग नवीन घालावेत. त्यांचा दाब शिमने बसवावयाचा असतो. तो कंपनीच्या मापाप्रमाणे मोजूनच ठरवावा, हाताच्या अंदाजाने नव्हे. दाब कमी राहिला तर गिअर आवाज करतो, जास्त झाला तर बेअरिंग जळतो.

मागची चाके चालणाऱ्या गाडीत क्राऊन-पिनियनच्या दातांमधली ढील डायल गेजने तपासावी. हे माप मिलिमीटरच्या लहानशा हिश्श्याचे असते. दातांवर रंग लावून ते कोठे टेकतात तेही पाहावे. तेल डिफरन्शियल बनविणारा सांगेल तेच घालावे. प्लेटच्या प्रकाराला बहुधा वेगळ्या मिश्रणाचे तेल लागते.

ग्राहकाला काय सांगावे?

पहिली गोष्ट, याने इंजिनाची ताकद एका घोड्यानेही वाढत नाही. आहे ती ताकद रस्त्यावर उतरते, एवढेच. दुसरी, टायर गुळगुळीत आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर थकलेले असतील तर आधी ते बदलावेत. कमी खर्चात पुष्कळ फरक तेथेच पडतो. तिसरी, पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत एलएसडी बसविल्यावर जोरात एक्सिलेटर दाबला की स्टिअरिंग हाताला ओढते. त्याची सवय करावी लागते. चौथी, परदेशी नग आयात शुल्क आणि मजुरी धरून सहज लाखाच्या पुढे जातो. निम्म्या किमतीत मिळणारा बिननावाचा नग घेण्यापेक्षा न घेतलेला बरा.

वॉरंटीतील गाडीचा गिअरबॉक्स खोलला तर त्या भागाची वॉरंटी जाऊ शकते. विमा कंपनीला बदल लेखी कळवावा, म्हणजे अपघातानंतर वाद होत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

ज्याची गाडी फक्त जालना रोडवरच्या गर्दीत फिरते, त्याला या पार्टची गरज नाही, हे स्पष्ट सांगावे. आज एका कामाची मजुरी जाईल, पण खरे सांगणाऱ्या मिस्त्रीकडे तोच ग्राहक आणखी चार जणांना घेऊन येतो. आणि ज्याला खरोखर गरज आहे, त्याचे काम डायल गेज आणि टॉर्क पाना हाती असल्याशिवाय घेऊ नये. दुकानात ही दोन हत्यारे नसतील तर पहिली कमाई त्यांवर खर्च करावी. मापून काम करणाऱ्या कारागिराला मजुरी सांगताना संकोच करावा लागत नाही.