कोयत्याची जखम : पहिली १० मिनिटे



गळीत हंगाम सुरू झाला, की फडाफडांत कोयते चालू लागतात. डाव्या हातात ऊस, उजव्या हातात कोयता. जरा नजर चुकली, की घाव बोटांवर नाहीतर नडगीवर बसतो. टोळी कोठूनही आलेली असो, आपल्या फडात आहे तोवर तिची काळजी आपल्याकडे. दवाखाना लांब असतो. तिथे पोहोचेपर्यंत काय करावे, एवढेच आम्ही येथे सांगत आहोत.

दाबून धरा. रक्त थांबविण्याचा पहिला उपाय म्हणजे दाब. जखमी माणसाला आडवे करा. स्वच्छ सुती कापडाची जाड घडी जखमेवर ठेवून तळहाताने जोरात दाबा. आपल्या हाताला मोजा नसेल, तर प्लॅस्टिकची पिशवी घाला. घड्याळ बघून १० मिनिटे हात काढू नका. 'थांबलं का बघू' म्हणून मधेच कापड उचलले, की धरू लागलेली गुठळी निघते आणि पुन्हा धार लागते. कापड भिजले, तर त्यावरच दुसरे ठेवून दाबा. रक्त थांबल्यावर पट्टी बांधा. पण बोटे निळी किंवा बधिर पडतील इतकी आवळू नका.

जखमेत काही भरू नका. हळद, चुना, तंबाखू, राख, चहापूड, दगडीपाला हे सारे आपल्याकडे सर्रास चालते. यातून घाण आत जाते आणि डॉक्टरांना टाके घालण्याआधी सगळे उपसावे लागते. जखम लहान असेल, तर रक्त थांबल्यावर स्वच्छ पाण्याच्या धारेखाली चांगली धुवा. उसाचे धसकट खोल रुतले असेल, तर ओढून काढू नका. त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबा आणि तसेच दवाखान्यात न्या.

सुतळीने आवळू नका. बारीक दोरी मांसात रुतते, रक्त मात्र थांबत नाही. हातापायातून जोराची धार असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तरच जखमेच्या वर दोन-तीन इंचांवर, सांधा सोडून, तीन-चार बोटे रुंद पट्टी बांधा. तिच्यात काठी अडकवून रक्त थांबेपर्यंत पिळा. बांधल्याची वेळ लिहून ठेवा. डॉक्टरांशिवाय कोणी ती सोडू नये.

बोट तुटले तर फेकू नका. ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात नको. ते जखमी माणसाबरोबरच पाठवा.

धनुर्वात विसरू नका. त्याचे जंतू माती-शेणात असतात. जखम भरत आली तरी काही दिवसांनी जबडा आखडू शकतो, आणि मग जीव वाचविणे अवघड होते. मातीने माखलेली जखम असेल आणि शेवटच्या लसीला ५ वर्षे होऊन गेली असतील किंवा आठवत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून इंजेक्शन घ्या.

रक्त थांबत नसेल, जखम खोल असेल किंवा माणूस गार-फिकट पडला असेल, तर वाट न बघता १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत हात जखमेवरून काढू नका.

तोड सुरू होण्याआधी प्रत्येक सभासदाने फडावर एक डबा ठेवावा : धुतलेली सुती कापडे, रुंद पट्टी, हातमोजे, पिण्याच्या पाण्याची बाटली. खर्च किरकोळ आहे. डबा कोठे ठेवला आहे, हे मुकादमाला आणि टोळीतल्या बायामाणसांनाही दाखवून ठेवावे.