माक्षिक ते गैरिक : खनिजांची उत्पत्ती आणि ग्राह्यत्व

माक्षिक, कासीस, तुत्थ व गैरिक ही द्रव्ये रसशास्त्रात आपण स्वतंत्रपणे अभ्यासतो. भूगर्भात मात्र ती पुष्कळदा एकाच खनिजशिरेच्या निरनिराळ्या अवस्था असतात. ग्राह्य-अग्राह्य ठरविताना हे नाते उपयोगी पडते.

उत्पत्ती : भूगर्भातील उष्ण, क्षारयुक्त जल खडकांतील धातू विरघळवून भेगांतून वर येते. तापमान व दाब उतरताच धातू गंधकाशी संयुक्त होऊन भेगांत साचतात. ताम्र, लोह व गंधक यांच्या संयोगाने सुवर्णमाक्षिक बनते. राजस्थानातील खेत्री, झारखंडातील घाटशिला येथील ताम्रखनिज याच जातीचे आहे.

रूपांतर : लक्षावधी वर्षांच्या झिजेने शीर पृष्ठभागाजवळ आली की पाणी व प्राणवायू यांच्या योगाने गंधकाम्ल तयार होते. लोहापासून हिरवे कासीस व ताम्रापासून निळे तुत्थ उपजते. दोन्ही जलविद्राव्य असल्याने पावसात वाहून जातात. माथ्यावर उरते ती लोहाची पिवळी-तांबडी टोपी. गैरिकाचे हे एक उगमस्थान होय. गडचिरोलीतील सुरजागडचे हेमॅटाइट मात्र प्राचीन सागरतळावर साचलेल्या लोहमय थरांपासून झाले आहे.

नाशिकची स्थिती : आपला परिसर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टचा आहे. येथे माक्षिकाच्या खाणी नाहीत. लाव्हाच्या दोन थरांमध्ये आढळणारी तांबडी माती हेमॅटाइटमुळे लाल दिसते, परंतु तिच्यात चिकणमातीच अधिक असते. गैरिक म्हणून आलेल्या दोन पोत्यांपैकी एक स्पष्टपणे हलके असल्याचे आम्ही अनुभवले आहे. शुद्ध हेमॅटाइटचे विशिष्ट गुरुत्व सुमारे ५, तर मातीचे सुमारे २.६ असते. केवळ रंगावर विसंबलेला वैद्य रुग्णास लोहाऐवजी माती देतो.

औषधनिर्मात्यांसाठी : गंधकयुक्त शिरांत सोमलाचे अंश माक्षिकासोबतच साचतात. शोधनाने ते निःशेष गेले, असे गृहीत धरणे योग्य नव्हे. माक्षिक हातावर घासता काळिमा उमटते, या लक्षणाने ओळख पटते. सोमलाचा निर्णय प्रयोगशाळेतच होतो. म्हणून प्रत्येक खरेदीसोबत खाणीचे नाव मागावे, ते नोंदवहीत लिहावे आणि शोधनापूर्वी व मारणानंतर अशी दोन वेळा तपासणी करावी. बाजारातील तुत्थ व कासीस बहुधा कारखान्यातील असतात. तेथे खाणीऐवजी उत्पादकाची नोंद हवी.

द्रव्याचा उगम कळला, तर त्याचे दोषही आधीच कळतात. शोधनाचा विचार तेथूनच सुरू व्हावा, असे आम्हांस वाटते.